निजामी रुपयावरचं कुंकू

मागच्या सुट्टीत तुम्ही दोघा नातवंडांनी मला ऑनलाइन दुकान उघडून दिलंत. त्यावर अलीकडे एका गिऱ्हाइकाचा पाचपैकी एकच तारा आणि तक्रार आली आहे, ती तुम्हाला तिकडे दिसली असेल. हकीकत अशी.

माझ्या आजोबांनी जमवलेल्या चांदीच्या निजामी रुपयांपैकी एक मी विकला. हे रुपये दरवर्षी लक्ष्मीपूजनाला चौरंगावर मांडत, त्यांना हळदकुंकू वाहत आणि मग वरवर पुसून डबीत ठेवत. त्यामुळे अक्षरांच्या खाचांत लाल रंग बसला आहे. फोटोत तो स्पष्ट दिसतो. वर्णनात मी इंग्रजीत लिहिलं होतं, ‘पूजेच्या खुणा आहेत.’

रुपया मिळाल्यावर गिऱ्हाइकाने लिहिलं, ‘गंजलेला. नकली. विक्रेती फसवते.’

मी अंबाजोगाईत आयुष्यभर इंग्रजी शिकवलं. फसवते, असं मला कुणी म्हटलं नव्हतं. आता ते दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला वाचायला मिळणार होतं.

स्वयंपाकाला येणाऱ्या बाईला मी ते मराठीत सांगितलं.

“चिंचंनं घासून द्यायचा व्हता की बाई. लख्ख झाला असता.”

“घासला तर जुन्या नाण्याची किंमत जाते.”

“अन् न्हाई घासला तर अब्रू गेली!”

मी उत्तराचा कच्चा मसुदा केला. दीड पान झालं. तिथे जागा चार ओळींची. काटछाट करताना लक्षात आलं की ‘पूजेच्या खुणा’ एवढंच वाचून, ज्याच्या घरी नाण्यांची पूजा होत नाही त्याला काहीच कळणार नाही. ती चूक माझी. पण त्याने विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. शेवटी तीन वाक्यं ठेवली: ‘चांदी गंजत नाही. लाल रंग पूजेतल्या कुंकवाचा आहे. रुपया परत पाठवावा, पूर्ण पैसे आणि टपालखर्च मी देईन.’

दुसऱ्या दिवशी त्याचा निरोप आला. रुपया परत करायचा नाही, ताराही बदलणार नाही.

“नकली हाय म्हणतो अन् सोडंना बी!” बाई पोळी लाटता लाटता हसली. “लई शाना दिसतो.”

मीही हसले. मग उरलेल्या सगळ्या रुपयांची वर्णनं उघडली आणि प्रत्येकात कुंकू कुठे आणि कशामुळे लागलं ते लिहिलं. एकही घासला नाही. तक्रार तिथेच आहे, तिच्याखाली माझी तीन वाक्यं आहेत. पुढचं गिऱ्हाईक दोन्ही वाचेल.