नेस्टाच्या ब्रेकमधली हवा

हां, तर नेस्टा त्या काटेरी कुंपणात होती. क्वाड, म्हणजे डोंगरात फिरायची तिची चारचाकी मोटारसायकल, तिच्याआधी आत घुसली होती, आणि कुत्रा शहाणा, त्यानं उतारावरच उडी मारून स्वतःची सुटका करून घेतली होती. मी धावत गेलो. धावत म्हणजे माझ्या वयाचा माणूस धावतो तसा. बघणाऱ्याला वाटावं, म्हाताऱ्याला काहीतरी आठवलंय आणि तो ते विसरायच्या आत घरी निघालाय.

"लागलं का गं?" मी ओरडलो.

कुंपणातून शांतपणे उत्तर आलं, "मला नाही. अंडी फुटली."

ही आमची नेस्टा. नेस्टा ब्लायनकुम. ब्लायनकुम हे तिच्या शेताचं नाव. आमच्या खोऱ्यात आडनावं फक्त पोस्टमनला लागतात. त्याच हिशेबानं मी इद्वल हाफोद. तिच्या आणि माझ्या शेतामध्ये एक ओढा आणि दगडी भिंत, आणि भिंतीला मध्येच एक खिंडार. ते बुजवायचं काम माझ्याकडे आहे, माझं लग्न झालं त्या वर्षापासून.

नवरा गेल्यावर नेस्टानं सगळ्या मेंढ्या एकटीनं सांभाळल्या. रविवारी चॅपलमध्ये ऑर्गन तीच वाजवते, गोठ्यातल्या रबरी बुटांसकट. प्रवचन लांबलं की ती ऑर्गनचा भाता हळूच पायानं हलवायला लागते. त्या फुसफुशीनं भल्याभल्या पाद्र्यांना घाईघाईनं 'आमेन' म्हणायला लावलंय.

तिचा एकुलता एक मुलगा गेथिन. कार्डिफला विम्याच्या कचेरीत असतो, त्यामुळे त्याला शिडी दिसली की आधी पडलेला माणूस दिसतो. कुंपणाची बातमी त्याच्यापर्यंत पोचली आणि त्याचा फोन आला.

"आई, शुक्रवारी लोकरीच्या कातरणीला मी येतोय. तू मेंढ्या घेऊन डोंगरावरून खाली येशील तेव्हा मी फाटकाशेजारी उभा असेन. क्वाड फाटकाच्या अलीकडे थांबली तर ठीक. नाही थांबली तर किल्ली माझ्या खिशात आणि मेंढ्या बाजारात. कबूल?"

"कबूल," नेस्टा म्हणाली.

आता तिचे गुडघे असे, की चॅपलच्या पायऱ्या चढतानाही ती मधल्या पायरीवर थांबून हवापाण्याबद्दल काहीतरी बोलते. क्वाड गेली म्हणजे डोंगर गेला. आणि तिनं 'कबूल' म्हटलं म्हणजे ते कबूल. पुढे वाद नाही.

गुरुवारी दुपारी ती खिंडारातून माझ्या अंगणात आली. "इद्वल, हात मोकळे आहेत का?"

"हात केव्हाही मोकळे. डोकं तर त्याहून."

"डोकं घरीच ठेव. हात घेऊन ये."

तिच्या शेडमध्ये क्वाड उभी होती, पुढच्या जाळीत अजून काटे अडकलेले. ब्रेकची लिव्हर दाबून पाहिली तर ओला स्पंज दाबल्यासारखी थेट मुठीला टेकली. तेलाच्या डबीचं झाकण उघडलं. आत काळं, उकळून उकळून कडू झालेल्या चहासारखं काहीतरी.

"हे बदललं कधी होतं?" मी विचारलं.

"आमचे हे होते तेव्हा."

हे ब्रेकचं तेल हवेतला ओलावा पितं, आणि आमच्या खोऱ्यात हवा कमी आणि ओलावाच जास्त. लांब उतारावर ब्रेक तापले की ते पाणी उकळतं, त्याची वाफ होते, मग माणूस लिव्हर दाबतो ती नुसती वाफेवर. मोठ्या उदारपणे मी माझ्या कोठारातली अर्धी बाटली पुढे केली. बूच कधीचं हरवलं होतं, मी त्यात चिंधी कोंबली होती.

नेस्टानं ती उजेडात धरली. "इद्वल, हे तेल नाही. ही विहीर आहे."

तिनं डोल्गेलायहून सीलबंद बाटली आणून ठेवलीच होती. दुकानातली शेवटची. ती पुरली तर पुरली.

मग मांडणी झाली. जुनं काळं तेल तिनं डबीतून उपसून काढलं, नवं भरलं, आणि लोकरीच्या पोत्यावर आडवी होऊन चाकाशी सरकली. तिथे हवा काढायचा एक बारीक निपल असतो. त्याला तिनं नळी लावली, अशक्त कोकराच्या पोटात दूध सोडायची असते ती, आणि नळीचं दुसरं टोक जॅमच्या बरणीत थोड्या तेलात बुडवलं. माझं काम लिव्हरवर.

"नीट ऐक," ती खालून म्हणाली. "तू दाबायचं आणि दाबून धरायचं. मी निपल उघडणार, जुनं तेल आणि हवा बाहेर येणार, मी बंद करणार. त्यानंतरच तू सोडायचं. उघडा असताना सोडलंस तर बाहेरची हवा आत ओढली जाईल आणि सगळं पहिल्यापासून."

"एवढंच? अगं, हे तर मेंढ्याला धरण्याहून सोपं. तुला तो लंगडा मेंढा आठवतो का, जो आमच्या लग्नाच्या दिवशी..."

आता माझी अडचण अशी, की हात बांधून मला गोष्ट सांगता येत नाही. मेंढा केवढा होता ते दाखवायला मी दोन्ही हात पसरले. खाली बरणीत गुडगुड झालं आणि मग नळीतलं तेल उलटं वर गेलं.

"मेंढा फार मोठा होता वाटतं," नेस्टा म्हणाली.

पुन्हा दाबलं. या वेळी मी गोष्ट सांगितली नाही, फक्त मेंढ्याची शिंगं कशी वळलेली होती तेवढं दाखवलं, तेही एकाच हातानं. तो नेमका लिव्हरवरचा निघाला.

नेस्टा बाहेर आली, बाटली हलवून पाहिली. "तुझं तोंड चालू असलं की हात चालतात. चॅपलमध्ये गाताना मात्र तू खांबासारखा उभा असतोस. तेव्हा गा. पहिली ओळ, दाब. दुसरी ओळ, धर, मी उघडते. तिसरी, धरूनच ठेव, मी बंद करते. चौथी, सोड. मीही खालून गाते, म्हणजे दोघं एकाच जागी राहू."

काय डोकं आहे बाईचं! आम्ही जुनं, सगळ्यांच्या तोंडी असलेलं एक स्तोत्र धरलं. दाब, धर, धर, सोड. काळं तेल आलं, मग तांबूस, फुगे कमी होत गेले. ती मध्ये मध्ये उठून डबीत नवं तेल ओतत होती. शेडच्या पत्र्याला माझा खालचा सूर असा घुमत होता की मला स्वतःचंच कौतुक वाटायला लागलं. डोळे मिटले गेले.

आणि आमच्या चॅपलात काय रीत आहे? गाणं रंगलं की शेवटच्या दोन ओळी परत घ्यायच्या. पुन्हा पुन्हा घ्यायच्या. तसं कुणी ठरवत नाही, छातीतूनच येतं. माझ्या छातीतून आलं. मी परत तिसऱ्या ओळीवर गेलो, आणि नेस्टा बिचारी पुढच्या कडव्याला लागलेली. तिनं निपल उघडला तेव्हा मी डोळे मिटून, गहिवरून, चौथी ओळ म्हणत लिव्हर सोडली.

गुडगुड.

"इद्वल."

"अगं, रंगलं होतं!"

"रंगलं होतं ते ऐकलं मी. नळीनंही ऐकलं." तिनं बाटली पुढे धरली. तळाशी जेमतेम तेल. "आता एकदाच जमणार आहे. उद्या माझ्या हातात किल्ली राहायची की नाही, ते तुझ्या चौथ्या ओळीवर आहे."

मी म्हटलं, "मग गाणं नको. मी गप्प उभा राहतो."

"तू? गप्प?" ती हसली. जरा विचार केला. "असं करू. तुझी चाल घेऊ."

तरुणपणी मी स्तोत्राची एक चाल बांधली होती. तिला माझ्याच शेताचं नावही दिलं होतं, 'हाफोद', थोर लोक देतात तसं. चॅपलमध्ये नवा बॉयलर बसला त्या दिवशी ती एकदा गायली गेली. शेवटच्या कडव्याला मंडळी एकेक करून खाली बसली. शेवटची ओळ मी एकट्यानं म्हटली. बॉयलरनं साथ दिली.

"माझी चाल? का गं?"

"तिचा शेवट परत म्हणावासा आजवर कुणालाच वाटलेला नाही. तुलासुद्धा वाटणार नाही."

आणि खरंच नाही वाटला! गाता गाता माझ्याच लक्षात आलं की तिसरी ओळ चढते कशाला आणि चढल्यावर तिथे करते काय. चौथी कधी संपते असं होऊन जाई. दाब, धर, धर, सोड. आणि लगेच पुढचं कडवं, कारण तिथे रेंगाळण्यासारखं काही नव्हतंच. एका बाजूचं चाक झालं, दुसऱ्या बाजूचं झालं. नळीतून स्वच्छ, मधासारखं तेल आलं, एकही फुगा नाही. लिव्हर दगडासारखी घट्ट. बाटली रिकामी.

मडगार्डवर सांडलेले थेंब नेस्टानं लगेच पाण्यानं धुतले, नाहीतर ते तेल रंग खातं. मी म्हटलं, "माझ्या चालीनं काम केलं हं."

"ओल्या फडक्यानं तिकडे पूस," ती म्हणाली.

शुक्रवारी सगळे शेजारी कातरणीला जमले. गेथिन स्वच्छ बुटांत फाटकाशेजारी उभा, उजवा हात खिशाबाहेर, किल्ली घ्यायला तयार. वरून आधी मेंढ्यांचा लोंढा आला, मग कुत्रा, मग क्वाडवर नेस्टा, आणि जोरात. शेवटच्या उताराला माझी बोटं हवेतच लिव्हर दाबायला लागली. मी पुटपुटत होतो, पहिली ओळ, दुसरी ओळ...

क्वाड थांबली. फाटकाला पुढची जाळी टेकलीसुद्धा नाही. फक्त चिखल उडाला, तो गेथिनच्या चष्म्यावर.

त्यानं चष्मा पुसला, हात खिशात घातला. "किल्ली राहू दे तुझ्याकडे, आई," म्हणाला, आणि मेंढ्या धरायला गेला. पहिल्याच मेंढीनं त्याला पाडलं, पण ते विम्यात बसत असावं.

कातरणी संपल्यावर भिंतीवर बसून आम्ही चहा आणि मनुकांचा ब्रेड खात होतो. मला राहवलं नाही. म्हटलं, "नेस्टा, एवढं झालं, आता येत्या रविवारी चॅपलमध्ये माझी चाल वाजवशील ना?"

नेस्टानं तोंडातला घास संपवला, कप खाली ठेवला.

"रविवारी नाही हं, इद्वल. हे तेल दर दोन वर्षांनी बदलायचं असतं, तेव्हा गाऊ की. तोवर मरू नकोस म्हणजे झालं, नाहीतर लिव्हर दाबायला मला दुसरा माणूस शोधावा लागेल."