बेल-भंडाऱ्याचं ताट

नगरच्या एमआयडीसीत माझा नवरा ज्या कंपनीत आहे, तिथली युनियन बाहेरच्या एका दादाला हवी होती. युनियन हातात आली की माणसं भरायचा ठेकाही हातात. युनियनच्या अध्यक्षांनी त्याला गेटवरच सगळ्यांदेखत नाही म्हणून सांगितलं. मग एका संध्याकाळी शिफ्ट सुटताना अध्यक्षांचे पाय मोडले. मारणारी पोरं दादाचीच, आमच्या ह्यांनी ती ओळखली. बाकीच्या सगळ्यांच्या माना म्हणे नेमक्या तेव्हाच खाली होत्या!

पोलिसांत जबाब द्यायला हे कबूल झाले, आणि दादा आमच्या घरी आला. शिव्या देत आला असता तर बरं झालं असतं, मीही गल्ली गोळा केली असती. हा बाबा चपला बाहेर काढून आला, "वहिनी, साखर जरा कमी," म्हणाला. बरोबरच्या माणसानं पितळी ताट पुढं ठेवलं. बेलाची पानं, वर भंडारा. आमच्याकडं बेल-भंडारा उचलून दिलेला शब्द कोर्टाच्याही वरचा. ते त्याला पक्कं ठाऊक. खंडोबा त्याचाही आहेच की.

"उचल, आणि काय बगितलं न्हाई म्हण," तो ह्यांना म्हणाला. "मला तेवढं पुरं हाय."

ह्यांचा हात ताटाकडं गेला. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी ताट उचललं आणि देव्हाऱ्यात नेऊन ठेवलं.

"देवाला कशाला खोट्यात वढता, भाऊजी?"

दादा हसला. चहा संपवला. जाताना दारात खेळणाऱ्या आमच्या लेकीला त्यानं शाळा कोणती ते विचारलं. तिनं बाई, वर्ग, सगळं सांगून टाकलं.

जबाबाच्या दिवशी हे कपडे करून बसले होते. लेक शाळेतून आली. कपाळभर ताजा भंडारा.

"शाळेच्या गेटवर एका काकांनी लावला. म्हणाले, पप्पांना दाखव."

मी तिला जवळ ओढलं. ज्या भंडाऱ्याला जन्मभर हात जोडले, तो पदरानं खसाखसा पुसायला लागले. "तुमी जायचं न्हाई! मरू द्या ती युनियन!"

ह्यांनी माझा हात धरला. पोरीच्या कपाळाकडं बघितलं.

"आज गप बसलो तर हे रोज लावतील," ते म्हणाले. "हिला घरी ठेवायची न्हाई. तिघं जाऊ."

मी दाराला कुलूप लावलं. पोरीला मधे घेऊन मी मोटरसायकलवर बसले. कंपनीजवळच्या चौकात टपरीपाशी दादाची पोरं उभी होती. कुणी आडवं आलं नाही. नुसती बघत होती.

"आई, ते बघ गेटवरचे काका," लेक म्हणाली, आणि तिनं हात हलवून टाटा केला.

त्यानंही केला.