उसनं आडनाव

त्या चॅटरूममध्ये पहिल्यांदा शिरले तेव्हा मी खुर्चीत धड बसलेसुद्धा नव्हते. अर्धवट टेकून दोन बोटांनी टकटक करत होते. साताऱ्यात तेव्हा इंटरनेट कॅफे नुकतेच निघाले होते, मी कॉम्प्युटरच्या कोर्सला होते, आणि फोनच्या तारेतून ती किर्रर्र-ट्यांव अशी किंचाळी निघाली की माझ्या अंगात वारं शिरायचं. शेजारच्या खुर्चीतला माणूस वैतागून बघायचा. बघू दे की.

आणि खरी गंमत पुढेच होती. तिथं कुणी आडनाव विचारत नव्हतं! वय काय, मुलगा की मुलगी, गाव कुठलं, बस्स. यात काय एवढं, असं तुम्हाला वाटत असेल तर तुमचं आडनाव बरं आहे, एवढंच मी म्हणेन. आम्ही बौद्ध. रहिमतपूरजवळच्या आमच्या गावात शाळेच्या पहिल्या दिवसापासून ‘पूर्ण नाव सांग’ ऐकत मी वाढले. साताऱ्यात खोली बघायला गेले, तर एका बाईंनी खोली दाखवली, नळ दाखवला, चहासुद्धा टाकला, आणि आडनाव ऐकल्यावर त्यांना एकदम आठवलं की भाचा राहायला येणार आहे. चहा गॅसवरच राहिला. त्या भाच्याचा मला अजून राग येतो, तो जन्मलाच नसला तरी.

चॅटरूममध्ये मात्र मी एका पाखराचं नाव घेऊन बसले आणि काय सुटले म्हणता! सगळे आपलेच लोक, मराठीच बोलायचे, फक्त अक्षरं इंग्रजी. कुणी पुण्याचा, कुणी थेट अमेरिकेत बसलेला. मी कुणालाही टोमणा मारायचे आणि लोक हसायचे. रविवारी सकाळी मला दहा मिनिटं उशीर झाला तर ‘सातारा कुठाय?’ म्हणून विचारणा व्हायची. माझी वाट बघत होते, माझी!

त्यातच ती भेटली. सांगलीत कॉलेजला होती, नाव घेतलं होतं एका फुलाचं. आल्या आल्या तिनं सातारकरांची टर उडवली, मी सांगलीची उडवली, आणि आमचं जमलं ते जमलंच. मग आम्ही दोघीच बाजूला वेगळं बोलायला लागलो. परीक्षेच्या आधी मला रडू येतं, हे मी सख्ख्या बहिणीला सांगितलं नव्हतं, ते तिला सांगितलं. तिनं लिहिलं, रडून घे आणि मग पेपर लिही. तसं केलं, पास झाले.

एका रविवारी सगळ्यांसमोर कुणीतरी मला विचारलंच, पूर्ण नाव काय? माझी बोटं थांबलीसुद्धा नाहीत. क्लासमध्ये माझ्या पुढं बसायची त्या मुलीचं आडनाव मी ठोकून दिलं. खोटं कशाला सांगू, लय भारी वाटलं. उसन्या साडीत मिरवल्यासारखं. लगोलग माझ्या मैत्रिणीनंही आपलं आडनाव सांगितलं. तेही चांगलं वजनदार निघालं.

त्या दिवसापासून रूममधली माणसं आमच्यापुढं मोकळी झाली. घरातली समजून बोलायला लागली. राखीव जागांवरचे विनोद, त्या जागांवर शिकलेल्या आमच्या डॉक्टरांवरचे, आमच्यासाठी वेगळ्या ठेवलेल्या कपबशीवरचे. ते मी इथं लिहिणार नाही, माझी वही का खराब करू? पण पहिला विनोद पडला तेव्हा सगळी माझ्या उत्तराची वाट बघत असतील असं मला वाटलं, आणि मी ‘हा हा हा’ असं लिहिलं. मग माझी मैत्रीणही हसली.

दुपारी जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये पुढच्या बाकावरच्या पाठीकडं बघवेना. गोड बोलणारी प्रत्येक मुलगी मागं काय बोलत असेल, याचाच विचार. स्वतःवर चिडले, त्यांच्यावर चिडले, आता जायचं नाही म्हणून आठवडाभर घोकलं. आणि रविवार उजाडला की पाय आपसूक तिकडंच. तिच्यासाठी. तिनं लिहिलं, सांगलीला ये, भेटू. मी ठरवलं, जायचं आणि खरं सांगून टाकायचं. तिनं पाठ फिरवली तर मैत्रीण गेली. पण न सांगता ती माझी होतीच कुठं?

कंदी पेढ्यांचा बॉक्स घेऊन एसटीत बसले. डोकं असं भलतीकडं होतं की कंडक्टरकडं तिकीट साताऱ्याचं मागितलं, साताऱ्यातच बसून! कराड गेलं, इस्लामपूर गेलं, आष्टा आलं तरी पहिलं वाक्य काही जमेना. सांगली स्टँडवर चौकशीच्या खिडकीपाशी पिवळी ओढणी दिसली. तिनं मला बघितलं आणि पळतच आली. माझ्यापेक्षा बुटकी होती. आम्ही मिठी मारली, उगाच हसलो, बाकड्यावर बसलो, आणि ती काही बोलायच्या आत माझ्या तोंडून गावाकडचीच भाषा बाहेर पडली.

“ते आडनाव माझं न्हाई. आमी बौद्ध.”

तिनं माझ्याकडं एवढा वेळ बघितलं की मी परतीच्या गाडीचा फलक शोधायला लागले. मग तिनं माझा हात धरला आणि म्हणाली की तिचं आडनावही तिचं नव्हतं, तीही बौद्धच, आणि शिराळ्याकडं त्यांच्या वाडीत त्यांची वस्ती आमच्यासारखीच गावाबाहेर आहे. आईशप्पथ, आम्ही दोघी अशा हसलो की हमालानं डोक्यावरचं ओझं खाली ठेवून बघितलं. मी तिला गदागदा हलवलं. इतक्या सगळ्यांत मला सापडली कोण तर ही!

हसता हसता ती थांबली.

“मग त्या दिवशी तू हसलीस का गं?” तिनं विचारलं. “तू हसलीस म्हणून मी हसले. मला वाटलं, तू त्यांच्यातली.”

मी पहिली हसले होते. बॉक्सची दोरी सोडत मी एवढंच सांगितलं की त्या दुपारी मला जेवण गेलं नव्हतं.

“मलाबी न्हाई,” ती म्हणाली.