फाट्यावरची एसटी

सुलेखा धाकटी बहीण, पण तिचं नाव निघालं तरी साळूबाईच्या पोटात दुखायचं. साळूबाई चिकलठाण्याच्या एका कंपनीत पॅकिंगला, आठ तास उभी. सुलेखा जिल्हा परिषदेच्या शाळेत बाई. दोघी एका आईच्या, एका ताटात जेवलेल्या. मग एवढा फरक कशानं पडला? साळूबाई एका शब्दात सांगायची: एसटीनं.

फुलंब्रीकडच्या त्यांच्या गावात शाळा चौथीपर्यंतच. पाचवीला फुलंब्रीला जायचं, तर एसटी तीन किलोमीटरवरच्या फाट्यावरूनच माघारी वळायची. तिथवर पोरीला एकटी कोण धाडणार? चौथीत पहिली आलेली साळू खुरपं घेऊन रानात गेली. गावानं अर्ज केला होता, त्यावर चौथ्या वर्षी एसटी गावात आली, आणि नेमकी पाचवीत गेलेली सुलेखा पास घेऊन खिडकीशी बसली. बांधावर उभ्या असलेल्या बहिणीला तिनं हात हलवला. साळूनं नाही हलवला.

ती जळजळ पुढं कधी विझलीच नाही. पोरगी तनुजा मोठी झाली तशी वाढली, कारण तनुजाला ऊठसूट मावशीचं कौतुक. मावशीसारखी वेणी, मावशीसारखं बोलणं. शेवटी साळूबाईनं थाप मारली, मीबी दहावी पास हाय म्हणून. तेव्हा कुठं पोरीच्या नजरेत आईचा भाव जरा वधारला.

आणि परवा सरकारी सर्वेक्षण घेऊन सुलेखाच दारात. असली कामं शिक्षकांच्या गळ्यात पडायचीच, पण हीच गल्ली तिच्या वाट्याला यावी? तनुजानं पाणी दिलं आणि मावशीला चिकटून बसत मोबाइलवरचे प्रश्न मोठ्यानं वाचायला लागली. नळाला पाणी किती दिवसांनी, दवाखाना किती लांब. मग घरातल्या बाईचं शिक्षण.

"दहावी," तनुजाच म्हणाली.

सुलेखानं मान वर केली नाही. मुकाट्यानं दहावीवर बोट ठेवलं. बहिणीनं अब्रू राखली म्हणून बरं वाटायचं सोडून साळूबाईचं अंग पेटलं. म्हणजे आता आपली दहावीसुद्धा हिच्याच मेहेरबानीनं?

"चौथी लिही," ती म्हणाली. "आन् खाली लिही, एसटी फाट्यावरनं माघारी जायची."

"तसा रकाना नाय, आक्का."

"नसंलच. त्या एसटीचा अर्ज कुणाच्या हातचा व्हता, ठावं हाय? गुरुजींनी माझ्याकडून लिहून घेतला. साऱ्या शाळेत माझंच अक्षर चांगलं व्हतं."

सुलेखा तेव्हा पहिलीत होती. हे तिला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. तिनं दहावी काढून चौथी टाकली, तेवढ्यालाही तिला वेळ लागला. तनुजा आता मावशीकडं बघत नव्हती.

जाताना सुलेखानं गल्लीच्या वळणावर मागं वळून हात हलवला. दारात उभ्या साळूबाईचाही हात वर आला, पण अर्ध्यावरच थांबला.