डावा खांब

बाबा निवृत्त झाले आणि त्यांनी औंढ्यात घर बांधायला काढलं. दर्शनी बाजूचं एलिव्हेशन मोबाइलवर बघून आधीच पक्कं केलेलं: मधोमध दार, दोन्ही बाजूंना उंच पांढरे खांब, वर मोठा त्रिकोण. डावीकडे जे, तेच उजवीकडे. तहसीलमध्ये जन्मभर कारकुनी केलेल्या माणसाला हे वेड कुठून लागलं, देव जाणे. बाथरूमलाही रस्त्याकडून हॉलएवढीच खिडकी मिळाली. आम्ही तिला जाड चादर लावून आंघोळ करतो. नागनाथाला आलेले भाविक फाटकातून विचारतात, "रूम आहे का?" बाबा नाही म्हणतात, पण मनातून खूश होतात.

उजव्या खांबावर बाबांच्या नावाची संगमरवरी पाटी बसली आणि डावा खांब बोडका दिसायला लागला. बाबांचं जेवणातलं लक्ष उडालं. शेवटी ते आईला म्हणाले, "तुझं नाव टाकू तिकडं. बराबर दिसंल."

आई भाकरी थापत होती. "टाका. पण माझं माहेरचं."

बाबा चपापले. आईचं नाव लग्नात बदललेलं. बाबांनीच नवं नाव ताटातल्या तांदळात अंगठीनं लिहिलं होतं. तिची आई गेल्यापासून जुनं नाव कुणाच्या तोंडी नव्हतं.

"आता काहून? लोकं म्हणतील, ही दुसरी कोण आणली!"

मला हसू आवरेना. आई मात्र गंभीर होती. "तुमी लिवलेलं नाव तांदळात होतं. ते तांदूळ शिजवून खाल्ले आपण. हे दगडात राहणार हाय. जमत नसंल तर राहू द्या खांब रिकामा."

रिकाम्या खांबाची धमकी बरोबर लागू पडली. बाबा रस्त्यापलीकडून बरेचदा त्याच्याकडे बघून आले आणि मग मुकाट पाटीवाल्याकडे गेले.

आता आई रोज सडा टाकून झाला की पदरानं आपली पाटी पुसते. फक्त आपली. परवा बाबा कुरकुरले, "तुझी चमकून राहिली, माझी मळकी. बराबर दिसत न्हाई."

"मग पुसा की तुमची तुमी."

बाबा टॉवेल घेऊन आपल्या खांबापाशी गेले. "ऐकलं का," म्हणाले, आणि थांबले. डाव्या खांबाकडे बघितलं, आणि पाटीवरच्या नावानं मोठ्यांदा हाक मारली, "...जरा पाणी आण."

माझ्यादेखत त्यांनी आईला कधी नावानं हाक मारली नव्हती. आई इतकी लाजली की पाणी आणायचंच विसरली.