शेजाऱ्यांचा काढा

ही गोष्ट मी घरीही कधी पूर्ण सांगितली नाही. चेन्नईतल्या शेजाऱ्यांचा विषय निघाला, की त्यांच्या काढ्याचं कौतुक करून मी थांबत असे.

दोन हजारनंतरची काही वर्षं मी गिंडीच्या कारखान्यात नोकरीला होतो. शेजारचे काका तंजावरकडचे मराठी, रेल्वेतून निवृत्त झालेले. मजल्यावर कुणी खोकलं, की ते सुंठ, मिरी आणि ताडगुळाचा काढा घेऊन दारात उभे राहत. घंटी वाजवत नसत, नुसते खाकरत. "ऊन अहे तंवर प्या. मग उगे राहा, बोलूं नका." पेला रिकामा होईपर्यंत हलत नसत. कारखान्याच्या धुळीनं बसणारा माझा घसा त्यांनीच वर्षानुवर्षं सांभाळला.

एका गणपतीत तिथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमाचं सूत्रसंचालन माझ्याकडे होतं आणि नेमका आवाज गेला. तीन दिवस त्यांनी काढा पाजला. आवाज आला, आणि त्याच आवाजात मी स्टेजवरून त्यांच्या मराठीची नक्कल केली. सभागृह खूप हसलं. ते मागच्या रांगेत बसले होते, हे मला नंतर दिसलं.

काढा थांबला नाही. पुढच्या आठवड्यात मी खोकलो, तर ते पेला घेऊन हजर. फक्त म्हणाले, "हॉट, सर. ड्रिंक स्लोली." माझ्याशी ते पुन्हा कधी मराठीत बोलले नाहीत.

एकदा ठरवून मी त्यांच्याकडे गेलो. "काका, त्या दिवशी स्टेजवर मी..."

"थ्रोट ओके, सर?" त्यांनी मायेनं विचारलं.

"ओके," म्हणालो, आणि माफी न मागताच परत आलो.