हरकत नवरीची

माझं लग्न ठरल्याचं अख्ख्या लातूरला माहीत होतं, फक्त नवरीला नव्हतं.

त्याचं असं झालं. मी पस्तिशी ओलांडलेला, सरकारी कचेरीत क्लार्क, पोट पुढं आलेलं आणि केस मागं सरकलेले. अशा अवस्थेत नांदेडच्या सुलभाला बघायला गेलो. ती दवाखान्यात नर्स. चहा हातात देत म्हणाली, "साखर कमी घातली हाय, तुम्हाला बघून." मला ती लई आवडली, खोटं कशाला बोलू! निघताना तिच्या पप्पांनी विचारलं, "मग, काय सांगू यांना?"

सुलभा म्हणाली, "प्रार्थना करून सांगते."

आम्हा ख्रिस्ती मंडळींत या वाक्यावर इलाज नाही. मुलगी 'विचार करून सांगते' म्हणाली तर दोन दिवसांनी फोन तरी करता येतो. प्रार्थनेत असलेल्या माणसाला 'अजून किती राहिलं?' असं कसं विचारणार? एक महिना गेला, दोन गेले. मी अंघोळीलाही मोबाइल घेऊन जायला लागलो.

"धीर धर बाबा," आई म्हणायची. "देवाची येळ चुकत न्हाई."

"देवाची न्हाई चुकत गं, पण मे महिन्यात लग्न लावणारे पाळकसाहेब सुट्टीवर चाललेत!"

आणि तेच माझ्या डोक्यात बसलं. आमच्याकडे लग्नाआधी लागोपाठ तीन रविवार चर्चमध्ये दोघांची नावं वाचतात आणि कोणाची हरकत असेल तर उभं राहून सांगा म्हणतात. म्हटलं, हे तीन रविवार नाहीतरी लागणारच. आत्ताच सुरू करून टाकू. तिकडं तिची प्रार्थना चालू, इकडं आपलं वाचन चालू. देवाला तेवढीच मदत! (शिवाय चर्चचा सेक्रेटरी मीच. सूचनांचा कागद माझ्याच हातचा.)

कागद बघून पाळकसाहेबांनी चष्मा वर केला. "मुलीचा होकार आला?"

"आल्यातच जमा आहे, साहेब."

"देवाची स्तुती असो!" म्हणाले बिचारे.

पहिल्या रविवारी नावं वाचली आणि टाळ्याच पडल्या. हरकत कोण घेणार? माझं लग्न जमावं म्हणून महिला मंडळ सात वर्षं उपास-प्रार्थना करून थकलं होतं! आईनं आधी तोंडाला पदर लावून रडून घेतलं, मग बाहेर येऊन माझा दंड धरला.

"होकार कधी आला रं? मला कसं न्हाई सांगितलं?"

"विश्वासानं आलाय, आई. डोळ्याला दिसत नाही इतकंच."

संध्याकाळपर्यंत मुरुडच्या मामांनी बँडवालाही सांगून टाकला.

एवढ्यावर निभावलं असतं. पण मुलगी दुसऱ्या गावची असली की नावं तिच्या चर्चमध्येही वाचावी लागतात, हे मी सेक्रेटरी असून साफ विसरलो. पाळकसाहेब नियमाचे पक्के. त्यांनी मला न विचारता नांदेडला पत्र धाडलं.

दुसऱ्या रविवारी दुपारी मोबाइल वाजला. "सुलभा बोलून राहिले."

मी घाईनं विचारलं, "झाली का प्रार्थना?"

"आमच्या पाळकांनी आज माझं लग्न जाहीर केलं. भर चर्चमध्ये! कोणाची हरकत हाय का विचारलं. मी उभी राहिले."

"अरे देवा! मग?"

"मग काय? मी गायकांच्या बाकावर बसते. पेटीवाल्या काकांना वाटलं, गाणं म्हणायला उठली. त्यांनी पेटी सुरू केली. चार कडवी म्हटली मी! अन् लोक म्हणून राहिले, पोरीला किती आनंद झाला बघा!"

मला हसू फुटलं. (तिथं हसायचं नव्हतं, हे आता कळतं.)

"हसा, हसा! शुक्रवारीच मला उत्तर मिळालं होतं. 'हो' होतं. आज चर्च सुटल्यावर पप्पांना सांगून तुम्हाला फोन करणार होते."

"म्हणजे... हो ना?"

"होतं! आता पहिल्यापासून प्रार्थना करावी लागेल. असल्या माणसासंगं राहायचं म्हणजे जरा जास्तच करावी लागेल." फोन बंद.

तिसऱ्या रविवारी सूचना वाचायला पाळकसाहेबांनी मलाच उभं केलं. मी वाचलं, "सेक्रेटरींच्या विवाहास हरकत आली आहे."

"कोणाची?" मागून महिला मंडळ एका सुरात.

"नवरीची."

तिची दुसरी प्रार्थना अकरा महिने चालली. मी एकदाही फोन केला नाही. देवाच्या वेळेवर भरवसा वगैरे नंतर आला, आधी नुसती भीती होती. हाताशी आलेलं इतकं चांगलं माणूस माझ्याच घाईनं गेलं, या विचारानं घास उतरत नव्हता. मग एका मंगळवारी ऑफिसात डबा उघडतोय तोवर तिचा फोन आला. "हो" म्हणाली आणि ठेवला. त्या दिवशी मी डबा तसाच घरी आणला.

आज लग्नाला सहा वर्षं झाली. हे सगळं लिहून मी परवा सुलभाला वाचायला दिलं आणि छापायला पाठवू का म्हणून विचारलं. तिनं कागदांची घडी घातली, कपाटात ठेवली आणि म्हणाली, "प्रार्थना करून सांगते."

तुम्ही हे वाचून राहिलात खरं, पण तिचं उत्तर अजून आलेलं नाही.